कमी पगाराची नोकरी धरताय? या चुका टाळा

पुण्यातली नोकरी गेली, चार महिने घरी बसून झाले आणि आता नागपूरजवळच्या मिहान किंवा बुटीबोरी या औद्योगिक भागांतून बोलावणं आलंय. आकडा मात्र जुन्या पगाराच्या निम्म्यावर. घ्यावी का? माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा घ्यावी. पगार कमी आहे हे तर दिसतंच; माणूस फसतो तो न दिसणाऱ्या वजाबाकीत.

पॅकेजला १२ ने भागू नका

३ लाख ६० हजार म्हणजे महिना ३० हजार, असं धरून आपण हप्ते जुळवत बसतो. पण पॅकेजमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफही मोजलेला असतो. मूळ पगार १५,००० धरा. कंपनीचे १२ टक्के, म्हणजे १,८००, वजा. तुमचे १,८०० वजा. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) पॅकेजमध्ये धरली असेल तर ४.८१ टक्क्यांनी आणखी ७२१ वजा, आणि व्यवसाय कराचे २००. हातात साडेपंचवीस हजारही पुरते पडत नाहीत. म्हणून एचआरला सरळ विचारा, "खात्यात किती जमा होतील?" आणि उत्तर ईमेलवर घ्या.

येण्याजाण्याचा खर्च

इथे मी स्वतः आपटलो. मानेवाड्याहून बुटीबोरी, रोज गाडीने, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. पेट्रोलच महिन्याला तीन हजारांच्या घरात. त्यात मे महिना! डोक्याला दुपट्टा गुंडाळून वर्धा रोडवर दुपारची शिफ्ट गाठायची म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. दुसऱ्या महिन्यात कळलं, कंपनीची बस घराजवळच्याच चौकातून सुटते. मी विचारलंच नव्हतं.

उलटंही होतं. पुण्याचे ४५ आणि इथले ३० हजार सरळ तराजूत टाकून लोक नोकरी नाकारतात. घर स्वतःचं असेल तर तिथलं भाडं आणि मेसचे पैसे वजा करून मग बोला.

जुना पीएफ मोडू नका

हात तंग असला की पहिली नजर तिकडेच जाते. नव्या कंपनीत जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या आणि रक्कम ट्रान्सफर करून घ्या. सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. ती जोडलेली राहू द्या.

तोंडी शब्द

"सहा महिन्यांनी वाढवून देऊ ना भाऊ," असं म्हणणारा साहेब सहा महिन्यांनी त्याच खुर्चीत असेलच असं नाही. पगाराचा फेरविचार कोणत्या महिन्यात, हे ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर मुदत आणि दंडाची रक्कम वाचूनच सही करा. मूळ गुणपत्रिका कुणी ठेवून घेऊ म्हणत असेल तर देऊ नका. पडताळून लगेच परत घ्या.

आणि जुना पगार फुगवून सांगू नका. पुढच्याच ईमेलमध्ये शेवटच्या तीन सॅलरी स्लिपा मागतात.