कोटॉर 2 मध्ये इन्फ्लुएन्स वाढवायचाय? आधी सेव्ह मारा
2004 चा कोटॉर 2 हा स्टार वॉर्सचा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळत असाल तर एक सांगतो, इन्फ्लुएन्स, म्हणजे साथीदारांवरचा तुमचा प्रभाव, बहुतेक वेळा जो पार्टीत (सोबत फिरणाऱ्या टोळीत) असतो त्याच्यावरचाच वाढतो, त्यामुळे तेच दोन लाडके घेऊन सगळीकडे फिरलात तर बाकीचे एबन हॉक या तुमच्या अंतराळयानावर नुसते बसून राहतात आणि त्यांची स्टोरी उलगडतच नाही. ॲटन या साथीदाराला जेडाय (फोर्स वापरणारा योद्धा) करायचंय? नार शड्डा या ठिकाणच्या रेफ्युजी सेक्टरमध्ये त्याच्या भूतकाळाबद्दल सांगणारे दोन ट्विलेक (एक परग्रही जमात) शोधा, मग जहाजावर येऊन त्याच्याकडे विषय काढा. दुसरी साथीदार क्रेया म्हणजे सासूबाईच, भिकाऱ्याला पैसे द्या नाहीतर हाकला, बोलणी बसणारच. म्हणून महत्त्वाच्या संवादाआधी सेव्ह मारा, इन्फ्लुएन्स घटल्याचा मेसेज दिसला की सरळ रीलोड.