मॅमथ नक्की कुणाच्या जवळचा? घरच्या लॅपटॉपवर शोधायची पद्धत

मॅमथ आशियाई हत्तीच्या जवळचा की आफ्रिकन, यावर शास्त्रज्ञांचं बरीच वर्षं एकमत होत नव्हतं. 2006 मध्ये मॅमथच्या मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग, त्याला स्वतःचा छोटा डीएनए असतो) आख्खा जीनोम, म्हणजे त्या डीएनएचा सगळा मजकूर, वाचून झाला आणि उत्तर आलं, आशियाई. असे सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या (ए, सी, जी, टी) माळा, आता फुकट मिळतात, त्यामुळे लॅब नको, हाडं नकोत, एका संध्याकाळी बसलात तर तुम्हीही या प्राण्यांच्या नात्याचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढून बघू शकता.

आधी एनसीबीआयच्या (जनुकीय माहितीचा अमेरिकी सरकारी साठा) साइटवर जा, न्यूक्लिओटाइड निवडा आणि प्राण्याचं शास्त्रीय नाव रोमन लिपीत टाकून पुढे मायटोकॉन्ड्रियन, कम्प्लीट जीनोम (mitochondrion, complete genome) असं लिहा. मॅमथ म्हणजे मॅम्युथस प्रिमिजेनियस (Mammuthus primigenius), आशियाई हत्ती एलेफस मॅक्सिमस (Elephas maximus), आफ्रिकन लोक्सोडोंटा आफ्रिकाना (Loxodonta africana), आणि चौथा मॅस्टोडॉन, म्हणजे हत्तींचा नामशेष झालेला लांबचा नातेवाईक, मॅमट अमेरिकानम (Mammut americanum). इथे हमखास घोळ होतो, मॅमट म्हणजे मॅमथ नव्हे! प्रत्येकाचे जमल्यास दोन-तीन नमुने घ्या आणि सगळे फास्टा फॉरमॅटमध्ये (वर नाव, खाली अक्षरं, असा साधा मजकूर) एकाच फाइलमध्ये चिकटवा.

मॅस्टोडॉन कशाला, तर झाडाचं मूळ कुठे ते ठरवायला बाहेरचा कुणीतरी लागतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि लोक नेमकी हीच उरकतात. आफ्रिकन हत्तीची शाखा साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी फुटली आणि मॅमथ आणि आशियाई हत्ती त्यानंतर थोड्याच काळात वेगळे झाले, म्हणजे दोन फाटे जवळपास एकाच जागी. अशा वेळी डुगाँगसारखा (समुद्रात राहणारा सस्तन प्राणी) फार लांबचा नातेवाईक तुलनेला घेतला की चित्र धूसर होतं. 2007 मध्ये मॅस्टोडॉनच्या दातातून पूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम मिळाला तेव्हा हे काम बरंच सोपं झालं.

आता मेगा नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाइल उघडा, त्यातली मसल ही पद्धत निवडून अलाइन करा, म्हणजे सगळ्यांची सारखी अक्षरं एकाखाली एक येतील. मग डोळ्यांनी बघाच, नुसतं पुढे पुढे क्लिक करू नका. हा जीनोम गोल असतो त्यामुळे एखादा सिक्वेन्स वेगळ्याच ठिकाणी सुरू झालेला दिसला तर तो कापून फिरवून घ्यावा लागतो. कंट्रोल रीजनमध्ये, म्हणजे या जीनोमच्या जनुकं नसलेल्या पट्ट्यात, तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तो भाग सरळ उडवा. एन अक्षरं दिसली तर घाबरू नका, तिथलं अक्षर वाचता आलेलं नाही एवढंच. मग मॅक्सिमम लाइकलिहूड (सगळ्यात संभाव्य झाड शोधायची पद्धत) निवडा, बूटस्ट्रॅप 1000 ठेवा (फांद्या किती भरवशाच्या ते तपासायला तितक्या वेळा पुन्हा झाड काढणं), आणि झाड आलं की मॅस्टोडॉनच्या फांदीवर मूळ लावा. मॅमथ आणि आशियाई एका फांदीवर बसले पाहिजेत.

हे सगळं तयार माल वापरून झालं. जुन्या हाडा-दातांतून वाचलेला कच्चा डेटा घेतलात तर डीएनएचे तुकडे जेमतेम 30 ते 70 अक्षरांचे असतात, आणि टोकाला सी च्या जागी टी वाचलेला दिसतो, कारण जुना डीएनए टोकाकडून खराब होतो. ही खूण नसेल तर संशय घ्या, 1994 मध्ये डायनोसॉरचा म्हणून गाजलेला डीएनए शेवटी माणसाचा निघाला होता. मॅपडॅमेज नावाचं टूल हेच तपासतं.

नमुना कुठला आहे तेही बघा. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतल्या मॅमथच्या दातातून 10 लाख वर्षांहून जुना डीएनए मिळालाय, 2021 ची गोष्ट. आपल्याकडे उष्णता सगळं खाते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदेंच्या टीमने राखीगढीचे (हरियाणातलं हडप्पाकालीन ठिकाण) 61 मानवी नमुने तपासले आणि कामाचा निघाला फक्त एक, तोही जेमतेम साडेचार हजार वर्षांपूर्वीचा.

पहिलं झाड जमलं की पॅलिओलोक्सोडॉन अँटिकसचा (Palaeoloxodon antiquus) सिक्वेन्स घाला, हा युरोपातला सरळ सुळ्यांचा हत्ती, नर्मदेच्या खोऱ्यात याच्याच जातभाईचे जीवाश्म सापडतात. सोबत आफ्रिकेतल्या दाट जंगलात राहणारी हत्तीची वेगळी जात, लोक्सोडोंटा सायक्लोटिस (Loxodonta cyclotis), घ्यायला विसरू नका, कारण ती नसेल तर हा पाहुणा कुणाच्या शेजारी बसतो ते कळणारच नाही.