इंग्लिशमध्ये "हळूहळू होत गेलं" कसं म्हणायचं

आपण सहज म्हणतो पाऊस वाढत गेला, आणि मग बेळगाव-खानापूरकडची कितीतरी पोरं इंटरव्ह्यूत पण "रेन वेंट इन्क्रीझिंग" म्हणतात, हे "वेंट" आधी काढून टाका. त्याजागी वॉज गेटिंग घ्या आणि पुढचा शब्द दोनदा म्हणा, "द रेन वॉज गेटिंग हेवियर अँड हेवियर", दोनदा म्हटलं की हळूहळू वाढणं आपोआप कळतं. शब्द लांब असला की मोअर अँड मोअर, "कॉलेज रोड वॉज गेटिंग मोअर अँड मोअर क्राउडेड".

आता खरी गंमत बघा, "इट गॉट डार्क" म्हणजे अंधार पडला, काम संपलं, आणि "इट वॉज गेटिंग डार्क" म्हणजे पडत होता, बस अजून निपाणीला पोचायची होती. हा फरक कानात बसला पाहिजे, बाकी सगळं नंतर! वर्षानुवर्षांचं असेल तर वाक्याला ओव्हर द यीअर्स किंवा ग्रॅज्युअली जोडा, मग गॉट पण चालतं, "ओव्हर द यीअर्स द समर्स गॉट हॉटर". केस पिकत होते याला मात्र "हिज हेअर वॉज गोइंग ग्रे".

आवड हळूहळू लागली असेल तर ग्र्यू टू, मला हे फार आवडतं, "ॲट फर्स्ट आय फाउंड कन्नडा हार्ड, बट आय ग्र्यू टू लाइक इट". आणि ऑपरेशनच्या आधीपासून आजोबांची नजर कमी होत आली होती, तर "हिज आइसाइट हॅड बीन गेटिंग वर्स बिफोर द ऑपरेशन". रोज घरातल्या एकेका बदलावर असं वाक्य मोठ्यानं बोला, लिहून ठेवायची गरज नाही.