मे महिन्यातल्या स्पर्धांआधी ओपनिंगची तयारी

परीक्षा संपत आल्या की मुंबईत बुद्धिबळ स्पर्धांची पत्रकं व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. शाळांचे हॉल मोकळे होतात आणि दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली असं कुठे ना कुठे रविवारी रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा ठरलेली असते. नाव नोंदवून झालं की पुढचा प्रश्न हमखास येतो, ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची पद्धत, कोणतं शिकू? ही यादी त्या प्रश्नासाठी आहे. ज्यांना साधे डावपेच दिसतात, जे ऑनलाइन हजार-बाराशे रेटिंगच्या पुढे गेलेत आणि शाळा, कॉलेज किंवा नोकरी सांभाळून ज्यांना दिवसाला अर्धा-पाऊण तास जेमतेम मिळतो, त्यांच्यासाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की ओपनिंग नावावरून किंवा कोण मोठा खेळाडू खेळतो त्यावरून निवडू नका, दहाव्या चालीनंतर पटावर जे उरतं त्यावरून निवडा.

सगळ्यात आधी आपलेच डाव काढा. शेवटचे वीस-पंचवीस पुरेत, पण ते सावकाश खेळलेले हवेत. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमधून काही कळत नाही. प्रत्येक डावापुढे वहीत दोन आकडे लिहा : कितव्या चालीपर्यंत आपल्याला काय करायचं ते माहीत होतं आणि कितव्या चालीला डाव फिरला. बहुतेकांच्या वहीत पहिला आकडा सहा-सात असतो आणि दुसरा बावीस-पंचवीस. म्हणजे डाव हरलो तो ओपनिंगमुळे नव्हे, पुढे कधीतरी घोडा फुकट गेला म्हणून. असं दिसलं तर ओपनिंगला आठवड्याच्या वेळातला चौथा हिस्सा द्या आणि बाकीचा वेळ कोडी सोडवण्यात आणि हत्ती-प्याद्यांचे शेवट शिकण्यात घालवा. पण काही वह्यांत वेगळंच चित्र निघतं. एकाच ओपनिंगसमोर दर वेळी बाराव्या चालीला गुदमरल्यासारखं होतं, घड्याळातली निम्मी मिनिटं तिथेच जातात. तसं असेल तर दुरुस्तीची जागा सापडली, तिथूनच सुरुवात करा.

आता क्रम. स्विस पद्धतीच्या, म्हणजे कोणी बाद होत नाही अशा, नऊ फेऱ्यांत चार-पाच वेळा काळे मोहरे येणार हे धरून चला. आपल्या पातळीवर त्यातल्या बऱ्याच डावांत समोरून राजापुढचं प्यादं दोन घरं सरकणार, म्हणजे ई४ (स्तंभाचं अक्षर आणि ओळीचा आकडा मिळून घराचं नाव). म्हणून माझ्या यादीत पहिलं काम ई४ ला उत्तर, दुसरं पांढऱ्याकडून एक पद्धत आणि तिसरं डी४ ला उत्तर. बरेच जण पांढऱ्यापासून सुरू करतात, कारण तिथे हौस भागते. पण पांढऱ्याकडून थोडं कमी माहीत असलं तरी निभावतं. काळ्याकडून माहिती कमी पडली की पहिल्या पंधरा चाली नुसत्या बचावात जातात.

ई४ ला उत्तर म्हणून माझं मत दोनच गोष्टींकडे जातं, ई५ किंवा कारो-कान, म्हणजे सी६. लहान मुलांनी ई५ खेळावं, अगदी आग्रहाने. मोकळा पट, भराभर बाहेर येणारे मोहरे, लवकर किल्लेकोट, बुद्धिबळाची बाराखडी तिथेच पक्की होते. मात्र ई५ घेतलं तर एक जागा डोळ्यांत तेल घालून शिकायची. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि पांढऱ्याचा घोडा जी५ वर येऊन एफ७ कडे बघतो. काळा डी५ करतो, पांढरा ते प्यादं मारतो. इथे काळ्याचा हात आपोआप डी५ वरचं प्यादं घोड्याने परत घ्यायला जातो आणि गडबड होते : पांढऱ्याचा घोडा एफ७ वर पडतो, राजाला तो मारावा लागतो, वजीर एफ३ वर येऊन शह देतो आणि काळ्याचा राजा ई६ वर, भर पटाच्या मध्यावर येऊन उभा राहतो. शाळकरी स्पर्धांत हा हल्ला मुलं पाठ करूनच येतात. योग्य चाल घोडा ए५. उंटाला हुसकायचं, एक प्यादं गेलं तर जाऊ द्यायचं आणि त्या बदल्यात मोहरे पुढे काढायचे. हे पाच-सहा चालींचं ज्ञान नसेल तर ई५ स्पर्धेत नेऊ नका.

मोठ्या वयात शिकणाऱ्यांना, नोकरीवाल्यांना मी कारो-कान सुचवतो. ई४ सी६, डी४ डी५. यात आवडण्यासारखी गोष्ट म्हणजे सी८ वरचा उंट. फ्रेंच बचावात ई६ आधी होतं आणि हा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. कारो-कानमध्ये पांढऱ्याने ई५ पुढे रेटलं की उंट एफ५ वर बाहेर येतो आणि मगच ई६. शिकायला शाखाही मोजक्या आहेत : पांढरा ई५ पुढे ढकलतो, डी५ वर प्यादी बदलतो, किंवा घोडा सी३ आणून डी५ वरच्या मारामारीची वाट बघतो. क्लब पातळीवर प्यादी बदलणारे पुष्कळ भेटतात, म्हणून ती शाखा आधी करा. प्यादी बदलल्यावर काळ्याला सी स्तंभ अर्धा मोकळा मिळतो. हत्ती सी८ वर, बी प्यादं बी५ आणि पुढे बी४, सी३ च्या प्याद्यावर दबाव. एवढी योजना डोक्यात असली की पंधराव्या चालीला ‘आता काय’ असा प्रश्न पडत नाही.

हीच योजना दुसऱ्या बाजूनेही चालते. पांढऱ्याकडून वजिराचा गॅम्बिट (डी४ नंतर सी४, म्हणजे एक प्यादं देऊ करणं) खेळून सी४ च्या प्याद्याने डी५ मारलं आणि काळ्याने ई प्याद्याने परत घेतलं, की तेच प्याद्यांचं रूप उलट रंगांत तयार होतं. आता बी४-बी५ पांढरा करतो आणि सी६ च्या प्याद्याला भोक पाडतो. म्हणजे एक अभ्यास दोन रंगांना पुरतो. निवड करताना हा हिशेब जरूर मांडा. ई४ वाल्यांसाठी असाच दुसरा जोड आहे : सिसिलियनसमोर (ई४ ला सी५) दुसऱ्या चालीला सी३ आणि कारो-कानसमोर पानोव्हचा हल्ला, म्हणजे डी५ वर प्यादी बदलून सी४. दोन्हीकडे बऱ्याचदा पांढऱ्याचं डी४ प्यादं एकटं उरतं. त्याच्या आधाराने घोडा ई५ वर बसवायचा, उंट डी३ वर ठेवून राजाकडे बघायचं, संधी दिसताच डी५ रेटायचं, आणि मोहरे उगाच बदलायचे नाहीत, कारण मोहरे उतरले की ते एकटं प्यादं ओझं होतं. या एका रचनेचे दहा चांगले डाव पटावर मांडून पाहिले तर दोन ओपनिंगची तयारी एकदम होते.

पांढऱ्याकडून कोणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर इटालियन : उंट सी४, मग सी३, डी३, किल्लेकोट, हत्ती ई१, आणि वजिराकडचा घोडा डी२ वरून एफ१, तिथून जी३. घाई नाही, लढाई पुढे ढकललेली, पण पट भरलेला. ज्यांना खरंच वेळ नाही त्यांच्यासाठी लंडन पद्धत आहे : डी४, उंट एफ४, ई३, सी३. तिला हलकं समजू नका. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत चीनच्या डिंग लिरेनने सहावा डाव लंडननेच जिंकला. अडचण लंडनमध्ये नाही, ती ज्या तऱ्हेने शिकली जाते त्यात आहे. परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी एका मुलाचा डाव उभ्याने पाहत होतो. पहिल्या सहा-सात चाली त्याने मिनिटभरात लावल्या, घड्याळावर टपाटप हात. समोरच्या मुलीने सी५ केलं, मग वजीर बी६ वर आणला. मुलाने पटाकडे नीट न बघता ठरलेली पुढची चाल केली आणि तिने बी२ चं प्यादं उचललं. त्यानंतर तो वीस मिनिटांतली आठ मिनिटं एका चालीवर बसून राहिला. लंडन घेणार असाल तर सी५ आणि वजीर बी६ यांना काय करायचं हे पहिल्याच दिवशी शिका. बहुतेक वेळा वजीर बी३ वर आणून समोरासमोर उभा करणं पुरेसं असतं.

डी४ ला उत्तर देताना फार फिरू नका. डी५ आणि ई६, म्हणजे वजिराच्या गॅम्बिटला नकार, हे शतकाहून जुनं आणि आजही भक्कम आहे. २०१० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सोफियाला बल्गेरियाच्या टोपालोव्हविरुद्ध शेवटच्या बाराव्या डावात, गुण बरोबरीत असताना, आनंदने काळ्याकडून हाच बचाव निवडला, त्यातली लास्करची जुनी पद्धत, घोडा ई४ वर नेऊन दोन-दोन मोहरे बदलणारी, आणि डाव जिंकून जगज्जेतेपद राखलं. कोंडलेल्या बाजूने मोहरे बदलले की श्वास घ्यायला जागा होते, हे तत्त्व त्यात स्वच्छ दिसतं. हा डाव शोधून पटावर खेळून पाहाच. कारो-कान खेळणाऱ्यांना सी६ वाला स्लाव्ह अधिक ओळखीचा वाटेल, त्यात सी८ चा उंट बाहेर काढण्याचा विचार तोच असतो. दोन्हींपैकी एक. लंडनवाला समोर आला तरी हीच प्यादी मांडायची, फक्त सी५ लवकर करायचं.

काय सोडायचं हेही ठरवावं लागतं. नायडॉर्फ सिसिलियन सध्या नको. तिथे पांढऱ्याच्या सहाव्या चालीलाच इतके फाटे फुटतात की प्रत्येकाचा वेगळा अभ्यास लागतो आणि एक चाल विसरली तर राजा मधोमध सापडतो. डी४ समोरचा किंग्ज इंडियन सुंदर आहे. मध्य बंद, पांढरा वजिराच्या बाजूने येणार, काळा एफ५-जी५ करत राजावर. पण ती शर्यत आहे आणि एक चाल वाया गेली की संपलं. दोन वर्षांनी करा, मनापासून करा. सापळ्यांचे व्हिडिओ बघून घेतलेले गॅम्बिट रविवारच्या पहिल्या फेरीत चालतात, चौथ्या फेरीत समोर जाणता खेळाडू आला की प्यादं कमी घेऊन बसावं लागतं. आणि जुन्या पुस्तकांत ‘१६०० रेटिंगपर्यंत अमुक नको’ असं वाचलंत तर एक लक्षात ठेवा, मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, किमान रेटिंग १४०० केलं आणि २००० च्या खालच्यांची रेटिंग वर उचलली. आजचे १६०० म्हणजे तेव्हाचे साधारण १३३०. तो सल्ला तसाच्या तसा लागू होत नाही.

किरकोळ ओपनिंगसाठी, म्हणजे स्कँडिनेव्हियन, पर्क, डच, इंग्लिश, प्रत्येकी एक पान. मोहरे कुठे बसवायचे आणि कोणत्या बाजूला खेळायचं, बस.

अभ्यास फोनवर नव्हे, खऱ्या पटावर. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर फोनवर उजळणी करा, पण नवीन ओळ तिथे शिकू नका. बोरिवलीहून चर्चगेटला पोचेपर्यंत ती पाठ झाल्यासारखी वाटते आणि रात्री पटावर मांडायला घेतली की चौथ्या चालीला अडते. पट हातात घेऊन मोहरा उचलला आणि ‘हा इथे का’ हे स्वतःला मोठ्याने सांगता आलं तरच ती चाल वहीत जाऊ द्या. लिचेस या संकेतस्थळावर आपल्या रेटिंगच्या खेळाडूंचे डाव गाळून बघायची सोय आहे, फुकट आहे, ती जरूर वापरा. ग्रँडमास्टर सातव्या चालीला काय खेळतात यापेक्षा आपल्या पातळीचे लोक काय खेळतात हे जास्त उपयोगाचं, कारण रविवारी समोर तेच बसणार आहेत. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक, सगळ्यात शेवटी लावा, आपलं मत लिहून झाल्यावर.

स्पर्धेच्या आठवड्यात नवीन काहीही घेऊ नका, शेजारचा कितीही आग्रह करो. तीन मुख्य ओपनिंगमधली दहाव्या चालीनंतरची एकेक स्थिती काढा आणि ओळखीतल्या कोणाशी तिथूनच डाव खेळा, दोन्ही रंगांनी. एका दिवसाच्या रॅपिडमध्ये पुढच्या फेरीचं पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते, लागल्यावर हातात काही मिनिटंच असतात, म्हणून प्रतिस्पर्ध्याचे डाव शोधत बसू नका. मोठ्या स्पर्धेत चेस-रिझल्ट्स या निकालांच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री नाव कळलं तर तो ई४ वाला की डी४ वाला एवढं बघा आणि झोपा. सोबत एक कागद ठेवा, त्यावर आपल्या ओळी हाताने लिहिलेल्या. तो फेऱ्यांच्या मधल्या वेळेत हॉलबाहेर वाचायचा, डाव सुरू असताना कुठलंही टिपण बघता येत नाही. आई-बाबा सोबत येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की दोन फेऱ्यांमध्ये ‘कुठे चुकलं’ हे विचारायचं नाही, पाणी आणि खायला द्यायचं.

रॅपिडमध्ये चाली लिहाव्या लागत नाहीत, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळे डाव एकमेकांत मिसळून जातात. प्रत्येक फेरीनंतर लगेच बाहेर येऊन पहिल्या दहा-बारा चाली आठवून कागदाच्या मागे लिहा. घरी आल्यावर समोरचा आपल्या ओळीतून कुठे बाहेर पडला ती जागा शोधा, तिथे एक उत्तर ठरवा आणि वहीत त्या ओपनिंगच्या पानावर तेवढी एक ओळ वाढवा.