शेतीच्या विमानांची स्केल मॉडेल करताय? या चुका टाळा

फवारणीच्या विमानांची मॉडेल करायची हौस हल्ली बऱ्याच पोरांना लागली आहे आणि मला ते मनापासून आवडतं, किती दिवस सगळ्यांनी तेच ते फायटर बनवायचे. पण मॉडेल दाखवायला आणतात तेव्हा चुका मात्र त्याच त्याच, अगदी ठरल्यासारख्या. फायटरच्या किटची सवय इथे चालत नाही. हे कामाचं विमान आहे, त्यावरचा एकेक पाईप आणि एकेक तार कशासाठी तरी लावलेली असते, आणि ती कशासाठी आहे हे माहीत करून न घेता सरळ प्लास्टिक कापायला बसलं की मॉडेल चुकतंच.

बूमपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त वाट तिथेच लागते. बूम म्हणजे पंखाच्या मागच्या कडेखाली आडवा जाणारा पाईप, ज्याला फवारणीचे नोझल लागतात. पोरं काय करतात तर टूथपिक घेतात, चंदेरी रंग मारतात आणि चिकटवून मोकळे. अरे, खरा पाईप साधारण दोन इंची, म्हणजे ५ सेंटिमीटर. १/७२ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान मॉडेलमध्ये, तो ०.७ मिमी झाला पाहिजे. तुमची टूथपिक २ मिमी, म्हणजे स्केलमध्ये जवळपास साडेचौदा सेंटिमीटर, घराच्या मागच्या भिंतीवरून उतरणाऱ्या संडासच्या चार इंची पाइपाहून जाड! असला पाईप घेऊन कुठलं विमान उडेल?

मी इंजेक्शनच्या सुया वापरतो. काळ्या टोपीची २२ गेजची सुई बाहेरून बरोबर ०.७ मिमी असते. १/४८ करत असाल तर पिवळ्या टोपीची २० गेज, ती ०.९ मिमी, चालून जाते. साधी सुई आखूड पडते म्हणून २२ गेजची स्पायनल नीडल घ्यायची, ती ९० मिमी लांब मिळते, इथे नागपुरात मेडिकल चौकाकडे सर्जिकलच्या दुकानात विचारा. नवीन, सीलबंदच घ्या, आणि टोक घासून बोथट केल्याशिवाय टेबलावर ठेवू नका, घरात लहान लेकरं असतात.

आता लांबी. बूम पंखाच्या टोकापर्यंत नेऊ नका, ही चूक तर शंभरातले नव्वद जण करतात. पंखाच्या टोकाशी हवेचा भोवरा तयार होतो, तिथे नोझल असला तर औषध त्या भोवऱ्यात वर उचललं जातं आणि शेजारच्याच्या शेतात जाऊन पडतं, म्हणून बूम साधारण पंखविस्ताराच्या ७५ टक्क्यांत ठेवतात. एअर ट्रॅक्टर एटी-८०२ या अमेरिकन फवारणीच्या विमानाचा पंखविस्तार १८.०४ मीटर, १/७२ मध्ये तो झाला २५० मिमी, म्हणजे बूम १८८ च्या आसपास. ९० च्या दोन सुया आणि मधे पोटाखाली थोडी जागा, हिशोब बसला. नोझलही दोन्ही बाजूंना आरशात पाहिल्यासारखे सारखे नसतात. प्रोपेलरची हवा गोल फिरत जाते आणि पोटाखालचं औषध उजवीकडून डावीकडे ढकलते, म्हणून बऱ्याच विमानांवर पोटाजवळ उजवीकडे नोझल जास्त आणि डावीकडे कमी दिसतात. तुम्ही ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याचाच खालून काढलेला फोटो शोधा आणि नोझल मोजा.

आणि बूम चिकटवण्याची घाई. मानेवाड्याचा एक पोरगा आहे, इंजिनिअरिंगला, हात चांगला आहे त्याचा. जानेवारीत त्याने एटी-८०२ केलं, बूम सुयांचा, लांबी बरोबर, बघून मला फार बरं वाटलं. फक्त त्याने प्रत्येक हँगरवर, म्हणजे बूम पंखाखाली धरून ठेवणाऱ्या आधारावर, सुपरग्लूचा थेंब टाकून बूम पक्का जाम केला होता. मी म्हटलं, बाळा, टोकाचे हँगर सैल ठेव. तो म्हणाला, काका, एकदम मजबूत झालंय, हलत पण नाही. मे महिन्यात घर बंद करून सगळे गावाला गेले, शोकेस पश्चिमेच्या खिडकीला लागून. परत आले तर टोकाकडचे हँगर दोन्ही बाजूंनी उखडलेले, एका ठिकाणी पंखाच्या कडेचा पिवळा रंग खालच्या प्रायमरसकट निघून आलेला. मला फोन, काका, ग्लू डुप्लिकेट निघाला. ग्लू काही डुप्लिकेट नव्हता बाप्पा! किटचं प्लास्टिक असतं पॉलिस्टायरीन, ते उन्हात स्टीलच्या चौपट वाढतं. १८८ मिमीच्या लांबीत तीस अंशांच्या फरकाने प्लास्टिक वाढतं साधारण ०.४ मिमी आणि स्टीलची सुई ०.१ मिमी. आपल्याकडे जानेवारीतली पहाट आणि मे मधली बंद खोली यात तीस अंशांचा फरक सहज पडतो, आणि सुपरग्लू असा ठिसूळ की आडव्या ताणाला टिकत नाही. एवढं सांगूनही त्याने काय केलं, तर पुन्हा त्याच जागी दोन थेंब जास्त टाकले, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

माझी पद्धत अशी की दोन्ही सुया पोटाजवळ पक्क्या करायच्या, बाकीचे हँगर म्हणजे वायरमधल्या तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, ज्यात सुई नुसती टेकून राहते आणि आत-बाहेर सरकू शकते. वेढे पंखाला चिकटवा, सुईला नाही. वेळ लागतो, एकेक वेढा चिमट्याने वळवावा लागतो, पण ज्याला एका वीकेंडमध्ये विमान पूर्ण करून रीलवर टाकायचं आहे त्याने हा विषयच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक प्रोपेलरची. एटी-८०२ ला पीटी-६ टर्बाइन असतं. हे इंजिन बंद केलं की प्रोपेलरला जाणाऱ्या तेलाचा दाब उतरतो, आणि स्प्रिंग व वजनांच्या जोरावर पाती फेदर होतात, म्हणजे त्यांची कड समोर येते. समोरून बघितलं तर पाती एकदम बारीक दिसतात. आणि आमचे लोक चाकांवर उभं केलेलं, इंजिन बंद, कॉकपिट रिकामं असं मॉडेल करतात आणि पाती मात्र उडत असल्यासारखी रुंद समोर करून लावतात. पाचही! पाती लावायच्या आधी विमान उभं आहे की उडतंय एवढं ठरवा. त्याच इंजिनाची आणखी एक गंमत अशी की त्यात हवा मागून शिरते आणि धूर पुढून, प्रोपेलरच्या जवळून निघतो. काजळी तिथून मागे ओढायची, पंखाजवळून कुठूनतरी सुरू करायची नाही.

बसंतबद्दल मला जरा जास्तच वाटतं. एचएएलचं, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, हे आपलं स्वतःचं शेतीचं विमान, त्याचं सुधारित रूप १९७२ च्या मार्चमध्ये उडालं, सगळी मिळून ३९ बनली. किट मिळत नाही म्हणून पायपर पॉनी या अमेरिकन फवारणीच्या विमानाचं ड्रॉइंग घ्यायचं, पंख खाली आणि आधाराच्या दांड्या पंखावरून म्हणजे झालं बसंत, असं करून राहिले लोक. नाही होत. पॉनीचा पंखविस्तार ११.०२ मीटर, बसंतचा १२. १/४८ मध्ये हा फरक २० मिलिमीटरचा आहे, दोन सेंटिमीटर! पॉनीत २३५ हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडरचं लायकमिंग, बसंतमध्ये ४०० हॉर्सपॉवरचं आठ सिलिंडरचं, मग नाक तेवढंच कसं राहील? करायचंच तर शून्यातून करा. आपल्या कापसाच्या मुलखात बसून बसंत करायचं आणि मापं दुसऱ्याची वापरायची, हे मला बघवत नाही.

ड्रॉइंगचा विषय निघालाच आहे तर, बर्डीवर कुठेही प्रिंट काढा, पण प्रिंट काढणाऱ्याला आधी ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा आणि घरी येऊन पंखविस्तार पट्टीने मोजा. चार टक्के आकसलेलं ड्रॉइंग डोळ्यांना कळत नाही, विमान पूर्ण झाल्यावर कळतं.

औषधाची टाकी इंजिन आणि पायलटच्या मधे असते, पायलटच्या मागे नाही. विमान आदळलं तर जड टाकी मागून येऊन त्याला चिरडू नये म्हणून. त्यामुळे कॉकपिट मागे आणि उंचावर बसतं, ते खाली दाबून ‘स्पोर्टी’ करू नका.

वायर कटर आणि कॅनपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या, माथ्यापासून शेपटीच्या उभ्या पंखापर्यंत गेलेली तार विसरू नका, विजेच्या तारांपासून जीव वाचवायला असतात त्या. तारेला मी लवचिक धागा वापरतो, ताणलेला स्प्रू, म्हणजे किटच्या चौकटीचं प्लास्टिक तापवून ओढलेली तार, उन्हाळ्यात दगा देतो.

कॅनपी सुपरग्लूने चिकटवू नका, काच पांढरी धुरकट होते, आणि कूलर चालू असेल तर दमटपणामुळे जास्तच. पांढरं फेविकॉल लावा आणि रात्रभर हात लावू नका.

पिवळा रंग करड्या प्लास्टिकवर थेट मारू नका. आधी पांढरा प्रायमर, मग पातळ हात. एकाच जाड हातात पिवळा कधीच झाकत नाही, नुसता ओघळतो.

वेदरिंग, म्हणजे वापराचे डाग आणि झीज, करताना टँकसारखा गंज दाखवतात काही जण. ॲल्युमिनियम गंजत नाही तसं. शिवाय ही विमानं सारखी धुतली जातात, कारण औषध धातू खातं, आणि आतून धुता यावं म्हणून कित्येक विमानांच्या बाजूचे पत्रे झटकन निघणारे असतात. तेव्हा प्रत्येक पॅनल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या रेषेत, काळं भरू नका. डाग दाखवायचे तर पोटाखाली, टाकीच्या झाकणाभोवती आणि शेपटीकडे ओढलेले, पंखाच्या पुढच्या कडेचा रंग थोडा उडालेला, बस.

आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी एअरब्रश काढूच नका. ४४-४५ अंशांत ॲक्रिलिक रंग हवेतच सुकतो आणि पंखावर रवाळ बसतो, कूलरसमोर लॅकर मारला तर दमट हवेने त्यावर पांढरट साय येते. मी सकाळी सहाला, कूलर बंद करून, रंगात रिटार्डरचे, म्हणजे रंग हळू सुकवणाऱ्या द्रवाचे, दोन-तीन थेंब टाकून मारतो. आठ वाजले की सामान धुवून ठेवतो, रंग उरला असला तरी.