आयटूसी बसचा नवा ड्रायव्हर लिनक्स कर्नलला पाठवताय? या चुका टाळा

फर्मागुडीच्या कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो की वेर्ण्यातल्या कारखान्यासाठी बनवलेलं बोर्ड, आयटूसी बसवरून (चिपा जोडणाऱ्या दोन तारा) सेन्सरचं पहिलं रीडिंग आलं की ती बस चालवणाऱ्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लगेच पाठवावासा वाटतो. पण तुम्ही तपासलेली असते ती धड चाललेली बस. मेंटेनर (कर्नलच्या त्या भागात काय घ्यायचं ते ठरवणारा) बघतो ते बस अडकल्यावर ड्रायव्हर काय करतो ते.

सगळ्यात जास्त ड्रायव्हर अडकतात ते प्रोबमधल्या (हार्डवेअर सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन चालवतो त्यातल्या) क्रमापायी. अडॅप्टरची (कर्नलच्या लेखी तुमची बस) नोंद झाली की कर्नल त्यावरच्या चिपांचे प्रोब चालू करतो, म्हणजे त्याच क्षणी ट्रान्सफर येऊ शकते. म्हणून क्लॉक, रीसेट आणि कम्प्लीशन (ट्रान्सफर संपल्याची खूण) आधी, मग इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक), आणि अडॅप्टर अगदी शेवटी. इंटरप्ट मागण्याआधी कंट्रोलरमधले इंटरप्ट बंद करून घ्या. बूटलोडरने अर्धवट सोडलेला इंटरप्ट कम्प्लीशन तयार नसताना आला, तर कर्नल बूट होतानाच कोसळू शकतो. रिमूव्हमध्येही (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) हाच घोळ होतो. 'डेव्हएम' पद्धतीने (घेतलेलं कर्नल स्वतःच सोडतो) घेतलेला इंटरप्ट रिमूव्ह संपल्यावर सुटतो. तोवर क्लॉक हाताने बंद केलेलं असेल, तर उशिरा आलेला इंटरप्ट बंद कंट्रोलरचे रजिस्टर वाचायला जातो आणि बऱ्याच एसओसी (प्रोसेसर आणि कंट्रोलर एकत्र असलेल्या चिपा) तिथेच गोठतात. क्लॉकही 'डेव्हएम'नेच चालू करा, मग सोडण्याचा क्रम आपोआप उलटा लागतो.

ट्रान्सफर यशस्वी झाली की किती मेसेज गेले तो आकडा परत द्यायचा. सवयीने शून्य दिलं, की बस नीट असूनही चिपचा ड्रायव्हर ती चूक समजतो. पत्त्यावर उत्तर न मिळणं, वेळ संपणं आणि आर्बिट्रेशन हरणं (बस दुसऱ्या कंट्रोलरकडे जाणं) यांचे एरर कोड वेगवेगळे आहेत. सगळ्याला एकच कोड देऊ नका. स्टॉप फक्त शेवटच्या मेसेजनंतर, मधे रिपीटेड स्टार्ट (बस न सोडता पुन्हा सुरुवात). आणि दर ट्रान्सफरआधी कम्प्लीशन पुन्हा कोरं करा, नाहीतर मागच्या टाइमआउटचा उशिरा आलेला इंटरप्ट पुढच्या ट्रान्सफरचं यश ठरतो. अशी चूक शोधण्यात आठवडे जातात.

हे तपासायला ट्रान्सफर चालू असताना एसडीए (डेटाची तार) जंपरने ग्राउंडला लावा. पिन ओपन-ड्रेन (तार फक्त खाली ओढणारी) असेल तर धोका नाही: ३.३ व्होल्ट आणि ४.७ किलो-ओहम पुलअपवर (तार वर धरणारा रेझिस्टर) जेमतेम ०.७ मिलीअँपिअर वाहतो. जंपर काढल्यावर बस रीबूट न करता पुन्हा चालली पाहिजे. चिपच एसडीए धरून बसली असेल तर एससीएलवर (क्लॉकची तार) ९ पल्स देऊन ती सोडवतात. त्याचा कोड कर्नलमध्ये आहे, स्वतः लिहू नका.

डिव्हाइस ट्रीचं (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन) बाइंडिंग, म्हणजे ते वर्णन कसं लिहायचं याचे नियम, यामल स्वरूपात, वेगळ्या पॅचमध्ये, ड्रायव्हरच्या आधी. कम्पॅटिबल नावात (ज्यावरून कर्नल ड्रायव्हर जुळवतो) नेमकी चिप हवी, वाइल्डकार्ड चालत नाही. चेकपॅच (पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) 'स्ट्रिक्ट' लावून चालवा.

पॅच ऑफिसच्या मेलमधून चिकटवू नका. टॅबच्या जागी स्पेस येतात, आणि खाली आपोआप जोडली जाणारी गोपनीयतेची सूचना असेल तर मेंटेनर पॅच घेत नाहीत. गिट सेंड-ईमेल वापरा. मर्ज विंडोचे (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेतले जातात तो काळ) दोन आठवडे नवा ड्रायव्हर पाठवू नका, आणि चवथीच्या आदल्या दिवशीही नको: शेरे आले की प्रत्येकाला उत्तर द्यायला तुम्ही जागेवर हवेत. काय बदललं ते पुढच्या आवृत्तीत तीन डॅशच्या ओळीखाली लिहा. उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबून मगच आठवण करा.