खडकाळ टोकाशेजारी सर्फिंग करताना या चुका टाळा

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचे, घाट उतरून पहाटे कोकण गाठायचे आणि गाडीतून उतरताच बोर्ड घेऊन पाण्यात शिरायचे, ही घाई मला अजिबात मान्य नाही. पुढच्या बहुतेक चुका या घाईतूनच होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे खडकांलगत पाणी शांत दिसते म्हणून तिथूनच आत जाणे. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परतीची वाट शोधते, समुद्रात शिरलेले खडकाळ टोक त्याला आडवे पसरू देत नाही आणि ते खडकाच्या कडेने बाहेर ओढले जाते. या ओढीने तळाची वाळू खरवडली जाते, तिथे खोली वाढते, खोल पाण्यात लाट फुटत नाही आणि नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते.

आरे-वारेच्या बाजूला आमच्यासोबत आलेला कोथरूडचा एक तरुण, टिळक तलावात नियमित पोहणारा, ओहोटी लागलेली असताना तिथूनच शिरला. खडपावर, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या खडकांवर, कालवे (धारदार शिंपले) काढणाऱ्या मावशींनी हात हलवून त्याला मनाई केली होती. त्या कौतुकाने हात करत आहेत, असा त्याचा समज झाला. बघता बघता तो लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे गेला आणि घाबरून, जवळ दिसतो म्हणून, खडकाकडेच हात मारू लागला. पुढच्या लाटेने त्याला खडपावर आपटले. कालवांच्या धारेने त्याचे दोन्ही तळवे चिरले. मी वाळूच्या बाजूने आत जाऊन “खडक सोड, बाहेर ये” असे ओरडत राहिलो. लाटांना उसंत मिळाली तेव्हा तो सुटला, मग आम्ही आधी आणखी बाहेर, नंतर खडकापासून दूर असा मोठा वळसा घालून फेसाळ लाटांबरोबर वाळूवर आलो. ओढीत सापडल्यास बोर्ड सोडू नये, किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर, पण खडकाच्या विरुद्ध बाजूलाच सरकावे. तलावातला दम इथे पुरत नाही.

म्हणून मी आधी उंचावरून निदान 20 मिनिटे पाणी पाहतो. फेस आणि गढूळ वाळू कुठून बाहेर जाते आणि मोठ्या लाटांचा गट किती वेळाने येतो, हे कळल्याशिवाय मी बोर्डला हात लावत नाही. ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी वाळूवरच थांबावे.

दुसरी चूक लाटांचा अंदाज अर्धवट वाचण्याची आहे. अंदाजातली 1 मीटर ही उंची सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही येते. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या संस्थेच्या अंदाजात दोन लाटांमधले सेकंदही पाहावेत, कारण त्याच उंचीची 14 सेकंदांची लाट 7 सेकंदांच्या लाटेपेक्षा खूप अधिक जोराने खडकावर येते.

भरतीची वेळ न पाहता निघू नये. कोकणातला जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा आहे: चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिक चढते, अधिक उतरते आणि बुडालेले खडप अचानक उघडे पडतात.

लीश, म्हणजे पाय आणि बोर्ड जोडणारी दोरी, झिजली असेल तर बदलावी. पडताना डोके हातांनी झाकावे आणि बोर्ड कधीही आपण व लाट यांच्यामध्ये येऊ देऊ नये. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या खवळलेल्या पाण्यात खडकाळ टोकाशी सर्फिंग करू नये.